बाभळीवरचा ज्योतिषी

फार वर्षांपूर्वी एका खडकाळ माळावर टिटवीनं उघड्यावरच अंडी घातली होती. ती हुबेहूब खड्यांसारखी दिसत, त्यामुळं कोल्ह्यालाही कधी सापडली नव्हती.

एक दिवस कावळा बाभळीवर येऊन बसला. "पिल्लांचं भविष्य सांगतो टिटवीताई, अगदी फुकट! अंडी कुठं आहेत ते मात्र मला सांगू नकोस हं. असलं कुणालाच सांगायचं नसतं."

केवढा सज्जन, टिटवीला वाटलं.

"कलत्या उन्हात त्यांच्यावर सावली कशाची पडते?"

"याच बाभळीच्या शेंड्याची."

"आणि वारा सुटला की वास कसला येतो?"

"रानतुळशीचा."

"अगं, पिल्लं राजयोगाची आहेत!" म्हणत कावळा उडाला. टिटवी माळभर सांगत सुटली.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तसा कावळा माळावर उतरला. टिटवीनं आपलं ठेवणीतलं सोंग काढलं. मोडल्यासारखा पंख फरफटवत, ओरडत ती अंड्यांपासून लांब जाऊ लागली. या सोंगाला आजवर सगळेच फसले होते.

कावळ्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाभळीच्या सावलीच्या टोकापर्यंत तो सरळ चालत गेला, रानतुळशीपाशी थांबला आणि खाली वाकला.

"पण मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं!" टिटवी किंचाळली.

कावळ्यानं चोच पुसली आणि तो पुन्हा बाभळीवर जाऊन बसला. झाडाखाली माळावरच्या बाकीच्या टिटव्या आपापल्या पिल्लांचं भविष्य विचारायला येऊन थांबल्या होत्या.