कपाटावरचं फूल

यंत्रं माणसांशी बोलत असत त्या काळी एका वाचनालयात चार संगणक होते. त्यांतला सर्वांत जुना फार हळू चाले. म्हणून ग्रंथपाल सोनटक्केबाईंनी त्याचा पडदा आणि कीबोर्ड काढला, त्याला कपाटावर चढवला आणि राउटर केला. बाहेरून आलेलं इंटरनेट त्याच्यातूनच खालच्या तिघांना मिळे.

खंडेनवमीला बाई पूजा करत, ती खालच्या तिघांची. एका वर्षी कपाटावरचा म्हातारा म्हणाला, "बाई, मलाही एक फूल वाहा."

"हा करतो काय?" नवा संगणक म्हणाला. "नुसता तारा धरून बसतो."

"असू दे, वर्षाचा सण आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी शिपाई रंगनाथकडून त्याच्या तारा काढवल्या आणि त्याला खाली पाटावर बसवला. मग नव्या संगणकावर नेहमीसारखे मंत्र लावले. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"मंत्र का लागत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"ते इंटरनेटवरून येतात," नवा हळूच म्हणाला.

सगळे पाटाकडे बघू लागले. म्हातारा काही बोलला नाही, कारण तो बंद होता.

रंगनाथने त्याला पुन्हा वर ठेवून तारा जोडल्या. मंत्र सुरू झाले. त्याचं झेंडूचं फूल रंगनाथने वरच वाहिलं.

संध्याकाळी खालची तीन फुलं टवटवीत होती. कपाटावरचं तेवढं म्हाताऱ्याच्या उष्णतेने सुकून गेलं होतं.