कुंभार नको म्हणणारं नगर

फार पूर्वी हेमवट नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शेजारच्या राज्यात एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. त्याचं नाव नंदक. त्याची बायको सामा कापड रंगवायची, आणि खरं सांगायचं तर घर तिच्याच हातावर चालायचं.

एके दिवशी गावात हेमवटाची दवंडी आली. ज्याच्या हाती कसब आहे त्याला घर नि जमीन, जो सोनं घेऊन येईल त्याला बाजारात पेढी, दहा वर्षं कर माफ. वर बायकापोरं, म्हातारे आईबाप, सगळ्यांना आणा. एवढं कुणी फुकट देतं का? पण लोकांना विचार करायचा कंटाळा. चाळीस गाड्या निघाल्या.

वेशीवर द्वारपाल एकेकाला विचारून आत सोडत होता. सोनार या, वैद्य या. पुष्कर नावाच्या व्यापाऱ्याला तर त्यानं बसायला पाट दिला. मग नंदकाची पाळी आली.

"तू काय करतोस?"

"मडकी."

द्वारपाल एकदम मागं सरला. "कुंभार नको. राजाची सक्त मनाई आहे."

"अहो, मी रंगारीण आहे," सामा म्हणाली. "हा माझा नवरा. घरच्यांना आणा म्हणालात ना दवंडीत?"

द्वारपाल अडकला. "बरं. पण मडक्यांची गाडी बाहेर राहील."

"पाण्याचं एक राहू द्या हो," पुष्कर शेठ हसला. "बायकोचा पदर धरून आलाय बिचारा, घसा तरी ओला करू दे."

आत राजवाड्याच्या अंगणात, सिंहासनावर बसलेल्या राजासमोर, पाहुण्यांसाठी पंगत मांडली जात होती. नवं गाव लागलं की नंदक आधी गावामागच्या उकिरड्यावर जायचा. तिथली खापरं बघितली की लोक कशात शिजवतात, कशात पाणी भरतात ते कळायचं. पानं वाढायला वेळ होता, म्हणून तो गेला. भर दुपार होती. रस्ते माणसांनी भरलेले, पण पायांचा आवाज त्याच्या एकट्याचा. उकिरडा सापडलाच नाही. राख नाही, खरकटं नाही, कावळा नाही. एक खापर नाही.

वाटेत त्याच्याच गावची चित्रा विणकरीण भेटली. तीन वर्षांपूर्वी ती तान्ह्या मुलीला घेऊन इथं आली होती.

"नंदकदादा, तुम्ही पण आलात?"

"आलो. इथं मडकी फुटत नाहीत का गं?"

"चूल पेटली तर फुटतील. भूकच लागत नाही, दादा. आलो त्या दिवशी राजाच्या पंगतीत जेवलो, तेवढंच."

नंदकानं तिच्या कडेवर पाहिलं. "केवढी झाली?"

"सहा महिन्यांची."

"आलीस तेव्हाही सहाच महिन्यांची होती."

"हो," चित्रा म्हणाली. "वाढत नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. फार वर्षांमागं साथ आली. आधी कुंभारवाडा गेला, मग सगळं नगर, शेवटी राजा. चितेभोवती मडकं फिरवायला ना मडकं उरलं, ना माणूस. राजाला रिकामं नगर बघवेना, म्हणून तो दवंड्या पाठवतो. जो त्याच्या पंगतीत जेवतो तो इथलाच होतो. आणि नावानं मडकं फुटलं की जावं लागतं, म्हणून राजा कुंभाराला भितो.

नंदक धावत परतला. पानं वाढून झाली होती. सामाला त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, तेवढ्यात द्वारपाल आडवा आला.

"तुला कळलेलं दिसतंय," तो हळूच म्हणाला. "सोन्यानं गाडी भरून देतो. बायकोला घे आणि चालता हो. बाकीच्यांना जेवू दे."

नंदकानं सामाकडे पाहिलं. तिनं पाण्याचं मडकं त्याच्या खांद्यावर ठेवलं.

तो सिंहासनाभोवती फिरू लागला. प्रत्येक फेरीला दगडानं एक भोक पाडत होता, पाणी गळत होतं. पंगतीतले हात थांबले.

"अरे मूर्खा," पुष्कर ओरडला, "जित्या राजाभोवती मडकं फिरवतोस? सुळावर चढवतील!"

चित्राचं बोलणं खोटं असतं, तर खरंच चढवलं असतं. नंदक थांबला नाही.

तिसऱ्या फेरीला राजा बोलला. आवाज कोरड्या विहिरीतून यावा तसा. "तू माझा कोण लागतोस?"

"कोणी नाही, महाराज. पण तुमचं करायला कोणी उरलं नाही."

"मग नीट कर," राजा म्हणाला.

नंदकानं त्याचं नाव घेतलं आणि मडकं पाठीमागं टाकलं. सिंहासनावर नुसतं वस्त्र उरलं. पानांवर भात नव्हता, माती होती. पाहुणे पळाले. सर्वांत पुढं पुष्कर शेठ, अनवाणी, सोन्याच्या थैल्या तिथंच टाकून.

नंदक गेला नाही. वेशीबाहेरची गाडी त्यानं आत आणली. नगरातले लोक एकेक करून समोर येऊन आपलं नाव सांगत, आणि तो प्रत्येकाचं मडकं फोडी. गाडी संपली तेव्हा त्यानं चाक मांडलं. सामा माती तुडवून देई. पावसाळा गेला, हिवाळाही गेला.

शेवटी चित्रा आली. तिनं कडेवरच्या मुलीला पुढं केलं. "आणि हिचं?"

"एवढ्या लहानाला मडकं लागत नसतं, बाई," नंदक म्हणाला. "तू तिला घट्ट धर. ती तुझ्याबरोबरच येईल."

तिनं घट्ट धरली.

इतकं सांगून भगवंतांनी सभेपुढं तेव्हाची माणसं आजच्या माणसांशी जोडून दाखवली. "पुष्कर शेठ म्हणजे आज सभेत पुढच्या रांगेत पेंगणारे हे गृहस्थ. चित्रा म्हणजे विहाराचं अंगण झाडणारी ती अबोल भिक्षुणी. सामा ती राहुलमाता. आणि तो कुंभार मीच होतो. जो आपला कोणी लागत नाही, त्याचं लेकानं करावं तसं करणं, याला मैत्री पारमिता म्हणतात."