तळ्याची दुसरी मोरी

खूप खूप वर्षांपूर्वी, डोंगरातल्या एका राज्यात उमाक्का नावाची बाई पोथ्या सांभाळत असे. तिचा एक नेम होता. पोथी उघडली की पहिल्या अक्षरापासून वाचायची, एकही ओळ गाळायची नाही. भराभर पाने उलटणाऱ्यांचा तिला भारी राग येई.

एका भाद्रपदात आठ दिवस पाऊस कोसळला. गावावरचे तळे काठोकाठ भरले आणि पाणी सोडायची मोरी गाळाने बुजली. पाटील धापा टाकत आले.

"उमाक्का, बांध बांधणाऱ्यानं दुसरी मोरी ठेवली होती म्हणतात. कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही. तळ्याच्या पोथीत बघा. दुपारनंतर बांध टिकायचा नाही!"

पोथी चारशे पानांची. उमाक्काने नेमाप्रमाणे पहिले पान घेतले. राजाची वंशावळ, मग त्याची स्तुती. दहा पाने झाली. बाहेर माणसे गुरे घेऊन टेकडीकडे पळत होती. तिचा हात थबकला. असेच वाचत बसले तर गाव बुडेल!

तिने स्वतःलाच विचारले, 'मला हवंय काय? मोरी. बस्स.'

मग ती फक्त लाल शाईतले मथळे पाहू लागली. मुहूर्त, बाजूला. दगडांच्या खाणी, बाजूला. 'पाण्याच्या वाटा' दिसताच ती थांबली. त्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावरून तिचे बोट झरझर खाली उतरू लागले. नजर एकच शब्द शोधत होती. गाळलेली प्रत्येक ओळ तिला टोचत होती, पण बोट थांबले नाही.

त्या प्रकरणाच्या बाविसाव्या पानावर शब्द सापडला. "उत्तरेच्या टोकाला, तीन उभ्या दगडांमागं!"

पाटील धावत सुटणार, तोच तिने त्यांचे उपरणे धरले. "थांबा. आता मी अक्षर न् अक्षर वाचणार."

पुढे लिहिले होते, 'आधी मोरीखालच्या ओढ्याकाठची वस्ती हलवावी. मगच दगड काढावेत.'

पाटलांचा चेहरा उतरला. "तिथं कुंभारांची बारा घरं आहेत. मी तर थेट पहारच घातली असती!"

घरे रिकामी झाली, मग दगड निघाले. पाणी गर्जत ओढ्यात शिरले. चार घरांच्या भिंती पडल्या, पण माणूस एकही दगावला नाही आणि बांध उभा राहिला.

बोध एवढाच: काय हवे ते ठरवून, शोधताना नजर धावू द्यावी, सापडले की मात्र तिला थांबवावे.