दिवाणजींची फवारणी

"मजूर नसलेला साक्षीदार आण!" मानाजीराजांनी फर्मावलं. "सूर्य मावळायच्या आत. नाहीतर तुझा अर्ज फेटाळला!"

दरबारातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना दुसरं कामच नव्हतं. धुरपता मात्र दात-ओठ खात उभी राहिली. कपाशीच्या पऱ्हाटीवर किडीचं विष फवारून तिच्या बापाची, सोनबाची, नजर जात चालली होती. त्याच्यावर सरकारनं उपचार करावेत आणि ते विष राज्यात बंद व्हावं, असा तिचा अर्ज होता. पण कायदा लिहिला होता दिवाण त्र्यंबकरावांनी, आणि विष विकत होता त्यांचाच मेहुणा! कायदा म्हणायचा, फवारणाऱ्याला मेणकापडाचा पोशाख दिलेला आहे. त्यानं तो अंगातून काढला, तर दोष त्याचाच.

"उन्हात तो घालून काम होतच नाही, महाराज!"

"असं मजूरच सांगतात. आणि मजूर खोटारडे, असं दिवाणजी सांगतात."

आता मजुरांशिवाय फवारतं कोण? साक्षीदार काय आभाळातून आणायचा?

"सोंगं सगळी!" दिवाणजी मिशीत हसले. "असला पोशाख मी दिवसभर घालून हिंडेन!"

"ऐकलंत, महाराज? मग हिंडू द्या की!" धुरपता म्हणाली. "पाठीवर फवारणीचा पंपही द्या. त्यात मी नुसतं पाणी भरते."

राजांना गंमत वाटली. "त्र्यंबकराव, चढवा!"

राजवाड्यामागं राजांचीच पऱ्हाटी होती, चांगली पुरुषभर वाढलेली. भर दुपारी दिवाणजींनी अंगरखा चढवला, हातमोजे घातले, बैलासारखं मुसकं बांधलं, डोळ्यांना काचा लावल्या. पाठीवर भरलेला पंप. अर्धी ओळ होते न होते तोच काचांवर वाफ धरली आणि दिवाणजी थेट झाडांत घुसले! दुसऱ्या ओळीत मुसकं उडालं, हातमोजे उडाले. तिसरीत दिवाणजी नुसत्या धोतरावर!

"त्र्यंबकराव, पोशाख का काढला?" राजे बांधावरून ओरडले.

"जीव गुदमरला, महाराज! समोरचं दिसेना! माणसानं घालायची वस्तू आहे का ही? यात माझा काय दोष?"

"कारकून, लिहून घ्या!" धुरपता टाळी वाजवून म्हणाली. "अर्जात शब्दन्‌ शब्द हेच आहे. महाराज, हा घ्या साक्षीदार. मजूर नाही, आणि सूर्य अजून डोक्यावर आहे!"

राजांना हसू आवरेना. "ते कलम खोडा! विष आजपासून बंद! सोनबाचे डोळे राजवैद्य पाहतील, खर्च दिवाणजींच्या मेहुण्याचा! आणि पोरी, तुला काय हवं?"

"कायदे लिहितात त्या बैठकीत एक जागा."

"तिथं रिकामी जागा कुठाय?"

"दिवाणजींची आहे ना, महाराज. ते अजून पऱ्हाटीतून बाहेर पडायची वाट शोधतायत!"

राजे पोट धरधरून हसले आणि त्यांनी ती जागा धुरपताला देऊन टाकली.