सर्जेराव फौज विसरतो

एका गावात एक भोळा फौजी होता. फौजी गावात घरटी एक होते, भोळा मात्र एवढाच. नाव सर्जेराव. सतरा वर्षं त्यानं बर्फात पहारा दिला. हुकूम आला की टाच आपटायची, "समजलं!" म्हणायचं आणि सांगितलं तेवढंच करायचं. साहेब लोक त्याच्यावर खूश होते. पंचाईत झाली ती तो पेन्शनीवर घरी आल्यावर.

घरी आल्यावर तो दिवसभर पारावर ताठ बसायचा. भावकीतले लोक त्याला रिकामटेकडा म्हणायचे. त्याची बायको शेवंता, तिला ते फार लागायचं. त्यात तिच्या भावाचा निरोप आला, "गुढीपाडव्यापर्यंत दाजींना काम लागलं न्हाई तर त्यास्नी माझ्या पोल्ट्रीवर धाडून दे. कोंबड्यांची घाण काढायला माणूस हवाच हाय."

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "बर्फात उभा ऱ्हायलेला माणूस कोंबड्यांची घाण काढणार? मी जित्ती हाय तवर न्हाई!" आणि पदर खोचून ती नवऱ्यासाठी काम शोधायला निघाली.

पहिलं काम मिळालं मंगल कार्यालयाच्या दारावर. मालक म्हणाला, "मेजर, पत्रिका बघितल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. फुकटे जेवून जातात."

सर्जेरावनं टाच आपटली. "समजलं!"

वऱ्हाड आलं. पुढे बँड, मागे घोडा, घोड्यावर नवरदेव.

"पत्रिका?" सर्जेराव म्हणाला.

"आवं, मी नवरदेव!"

"असाल. पत्रिका?"

"नवरदेवाला कोण पत्रिका देतंय?"

"बोलावलं न्हाई, तर आलात कशाला?"

नवरदेव खाली उतरून हातापाया पडला. मुहूर्त टळला. घोड्याबद्दल काही हुकूम नव्हता, म्हणून घोडा तेवढा आत गेला.

संध्याकाळी शेवंतानं कपाळावर हात मारला. "आवं, दारात आलेल्याला असं अडवत्यात व्हय? हसून म्हणायचं, या, बसा, आपलंच समजा, लागंल ते घ्या."

"समजलं!"

दुसरं काम मिळालं खताच्या गोदामावर. भर दुपारी तीन चोर टेम्पो घेऊन आले. सर्जेराव हसला. "या, बसा. आपलंच समजा. लागंल ते घ्या."

चोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गोदामाकडे पाहिलं. एकाच्या कमरेत उसण भरली होती, म्हणून त्याच्या वाटणीची पोती सर्जेरावनं स्वतः टेम्पोत टाकली. जाताना त्यांना पाणी दिलं. वर म्हणाला, "परत या."

ते परत आले. तेव्हा कुठे मालकाला कळलं.

"आवं," शेवंता रडकुंडीला आली, "अनोळखी माणसानं मालाला हात लावला, की वरडायचं! हात वर करायला लावायचे!"

"समजलं!"

तिसरं काम मिळालं साड्यांच्या दुकानात. लग्नसराई होती. बस्त्याला आलेल्या बाया गादीवर बसल्या. एकीनं जरीचा काठ चिमटीत धरला, दुसरीनं पदर उलगडला.

"हात वर!"

सगळ्या दुकानाचे हात वर गेले. नवरीचे गेले, नवरीच्या आजीचे गेले. मालक साडी खांद्यावर टाकून दाखवत होता, त्याचेही गेले. सर्जेरावची नोकरीवर पहिलीच सकाळ होती, त्याला मालकही अनोळखीच होता. बस्ता समोरच्या दुकानात झाला.

गुढीपाडव्याला दोन दिवस उरले. शेवंता हात जोडून म्हणाली, "समदं खूळ त्या फौजेचं हाय. आता सरपंचीणबाईंनी हायस्कुलात शब्द टाकलाय. शेवटची जागा हाय. तिथं फौजेचं नाव काढायचं न्हाई. फौज विसरायची. कुणी खोदून खोदून इचारलं, अगदी मी जरी इचारलं, तरी न्हाईच म्हणायचं!"

सर्जेरावनं टाच आपटली. "समजलं!"

हायस्कूलच्या दारावर फळा होता. 'मुलांना कवायत शिकवण्यासाठी मास्तर पाहिजे. फक्त माजी सैनिकच हवा.' सर्जेरावनं फळा दोनदा वाचला. मिशीला पीळ दिला आणि आत गेला.

संस्थेचे अध्यक्ष त्याला बघून खुर्चीतून उठलेच. "या मेजर! फौजेत किती वर्षं काढली?"

"कुठली फौज?"

अध्यक्ष हसले. "थट्टा पुरे. हा ताठपणा फौजेशिवाय येतो का?"

"पाठीत उसण भरलीय."

"आणि ही मिशी?"

"सासऱ्यांना आवडती."

अध्यक्षांना संशय आला. ते एकदम गरजले, "सावधान!"

टाचा खाडकन जुळल्या.

"हे काय मग?"

"बुटात खडा गेलाय," सर्जेराव म्हणाला.

अध्यक्ष फार हळहळले. "असाच माणूस पाहिजे होता हो. फक्त फौजी असता तर!"

मग त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं. तो मंगल कार्यालयावर अडवलेल्या त्या वऱ्हाडातला बँडवाला होता. त्याच्या लाल कोटाला सोनेरी झालरी होत्या. "फौजेत होता?" विचारल्यावर तो बेधडक "होय" म्हणाला. नोकरी त्याला लागली.

घरी शेवंता ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. "मिळाली?"

"न्हाई. पण एकदासुदीक फौजेचं नाव काढलं न्हाई."

"कसली जागा होती?"

"कवायत मास्तराची. फळ्यावर लिहिलं हुतं, फक्त माजी सैनिकच हवा."

ताट खणकन खाली पडलं. "आवं, मग चला माघारी! मी येते संगं. अध्यक्षांच्या पाया पडू, समदं खरं सांगू!"

ती त्याला ओढत शाळेत घेऊन गेली. रडत रडत सगळी हकीकत सांगितली. अध्यक्षांचं मन द्रवलं. त्यांनी बँडवाल्याच्या हातातला नेमणुकीचा कागद काढून घेतला आणि पेन उघडलं. "ठीक आहे. यांनी एकदा माझ्यासमोर हो म्हणावं, की झालं."

शेवंतानं डोळे पुसले. नवऱ्याकडे वळली. "सांगा यास्नी. सतरा वर्षं फौजेत हुता का न्हाई?"

सर्जेरावनं टाच आपटली.

"न्हाई!"