दीड पीळ उलटा

“तिला मारलं, तर मी उरेन का, आक्का?”

आक्कांनी कापूस पुढे सरकवला. टेकडीवरच्या त्या मठात रिकाम्या हातांनी प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. आधी वाती वळायला घ्यायच्या, मग बोलायचं.

थोरली शरयू बसली. साठ शहरांची स्वामिनी. पण मांडी घालताना गुडघे वाजलेच. काळयंत्रातून ती चाळीस वर्षं मागे आली होती.

“मारायचंय कुणाला?”

“मलाच. धाकट्या शरयूला. ती आज इथे येईल.”

“आणि तिचा गुन्हा?”

“ती एक डबी करतेय. रडण्याचा आवाज गिळणारी. तान्ह्या लेकीसाठी.”

“म्हणजे रडू थांबतं?”

“नाही. फक्त ऐकू येत नाही.”

“मग?”

“मग... लेक पलीकडच्या खोलीत होती. ताप चढला. मला कळलंच नाही.”

थोरलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा एकच वाळा होता. बोटभर. तो तिने मुठीत धरला.

“त्यानंतर मला कुणाच्याच मुलाचं रडणं ऐकवेना. साठ शहरांवर डबी बसवली. आता तिथे भिंतीपलीकडे माणूस मेला तरी शेजारी जेवत असतो. मला शांतिमाता म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“...मीच म्हणायला लावलंय.”

आक्का तिच्या बोटांकडे पाहत होत्या. “वात सुटतेय तुझी. पीळ उलटा देतेस.”

“सवय. चाळीस वर्षं रोज सकाळी डबीची खुंटी मीच फिरवते. दीड पीळ, उलटा.”

“आज इथे काय झालं होतं, आठवतं?”

“डबी आज पहिल्यांदा चालली, एवढंच. कशी, कोण होतं... त्या दिवसांतली फक्त झोप आठवते. नसलेली.”

तेवढ्यात पायऱ्यांवरून रडणं वर आलं. मागून धाकटी शरयू. खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग, एका हातावर चार महिन्यांची लेक, दुसऱ्या हातात पितळी डबी.

“आक्का, हरले मी. दहादा जोडली, नाही चालत. ही विहिरीत टाकते आणि सुटते. बाकीच्या बायांना जमतंच ना रडणं ऐकायला? मीच मेली नाजूक.”

थोरलीच्या हातातला कापूस खाली पडला.

“मारायला नको मग...” ती पुटपुटली. आणि मोठ्याने म्हणाली, “टाक, पोरी! आत्ताच्या आत्ता टाक!”

धाकटीने दचकून पाहिलं. “ह्या आजी कोण?”

“नात्यातल्याच आहेत,” आक्का म्हणाल्या. “लांबून आल्यात.”

विहीर अंगणातच होती. तिच्यावरचं लाकडी झाकण एका हाताने उचलण्यासारखं नव्हतं. धाकटीने डबी ओट्यावर, थोरलीच्या शेजारी ठेवली. बाळ कुठे ठेवावं, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

आक्का उठल्या. त्यांनी बाळ घेतलं आणि थोरलीच्या मांडीवर ठेवलं.

थोरली थिजली. बाळाच्या दोन्ही पायांत वाळे होते. दोन्ही.

बाळाने श्वास ओढला आणि टाहो फोडला. चाळीस वर्षांत तिने असा आवाज ऐकला नव्हता.

“हं हं... नाही नाही, माझी बाय...” तिने थोपटलं. मांडी हलवली. कधीतरी म्हणत असलेलं गाणं आठवून पाहिलं. पहिल्या ओळीपुढे येईना. बाळ लालबुंद झालं. थोरलीचे दात एकमेकांवर घट्ट बसले. डोळे मिटले गेले.

हात आपोआप बाजूला गेला.

एक पीळ. अर्धा पीळ. उलटा.

...

अंगण शांत झालं.

विहिरीपाशी धाकटी वळली. झाकण तिच्या हातातून सुटून जागेवर बसलं. तिने लेकीकडे पाहिलं, मग खुंटीकडे.

“उलटा?” ती हसली. हसता हसता ओट्यावर बसली. “आजी, उलटा होता होय! दहादा जोडली आणि मी आपली सुलटाच देत होते!”

“नको, पोरी... ते मी... माझा हात...”

पण धाकटीने डबी उचलून पोटाशी धरली होती. खांबाला डोकं टेकलं आणि ती झोपली. चार महिन्यांत पहिल्यांदा. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी.

थोरलीने डबी ओढून पाहिली. झोपलेल्या बोटांनी ती सोडली नाही.

मग थोरली रडली. तिचं तोंड उघडलेलं दिसलं, छाती हललेली दिसली. आवाज आला नाही.

तिच्या मांडीवर बाळाचंही तोंड तसंच उघडं होतं.

आक्का खाली बसल्या. त्यांनी करंगळी बाळाच्या ओठांना लावली. बाळाने ती घट्ट चोखायला सुरुवात केली.

“भूक लागली होती गं तिला,” आक्का म्हणाल्या.