करवतीचा गंज

गोष्ट तशी फार जुनी नाही. घरोघरी पिवळे बल्ब उतरून एलईडी लागत होते तेव्हाची. सदानंद सुताराच्या कारखान्यात एक म्हातारी करवत होती. तिच्या पात्यावर गंज चढला होता, पण मिणमिणत्या बल्बखाली तो कुणाला दिसत नसे.

एका सकाळी सदानंदच्या बायकोनं, तानूबाईनं, हट्टानं लांबलचक एलईडी दिवा बसवून घेतला. कोपरान् कोपरा उजळला. करवत घाबरली.

"आता मला भंगारात घालतील," ती दिव्याला म्हणाली. "बाबा, माझ्या अंगावर तेवढा पडू नकोस."

"आजी, मला तसं जमत नाही हो," दिवा ओशाळून म्हणाला.

करवत फळ्यांमागे सरकली. पण सदानंदनं तिला शोधून काढलंच. तिला उजेडात धरून तो कितीतरी वेळ बघत राहिला. करवतीनं सगळे दात घट्ट आवळले.

"अहो, काय झालं?" तानूबाईनं विचारलं.

"अगं, हिचे हाल बघ. रोज हातात घेतो, पण मला दिसलंच नाही. वडील गेल्यावर हिनंच तर आपलं घर चालवलं."

तो तिथंच भुशावर बसला आणि पॉलिश पेपरनं हळूहळू गंज घासू लागला. मग त्यानं पात्यावर तेलाचं बोट फिरवलं. करवतीला इतकं बरं वाटलं की भीती कुठल्या कुठे गेली.

वर बघून ती हळूच म्हणाली, "लेकरा, माझ्या पाठीवरही जरा पड. तिथला अजून राहिलाय."